तुम्ही शिवलेला काठ

अप्पा, परवा एका मुलीचा फोन आला होता. आमच्या विभागातल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या कामांचं ती प्रदर्शन मांडतेय आणि तिला माझं ते निळं-खाकी कापड हवंय. तेच, ज्याच्यावरून आपण दोघं शेवटपर्यंत नीट बोललो नाही. तिनं एक फॉर्म पाठवलाय. कामाचं नाव, साहित्य, पद्धत, माप, करणाऱ्याचं नाव. दोन दिवस तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर पडून आहे आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघून चिडतेय. कागदावर चिडण्यात अर्थ नाही हे कळतं, पण तुमच्यावर चिडायचं तर तुम्ही अठरा वर्षं नाही. म्हणून लिहायला बसले. ही मराठी वाचून तुम्ही हसला असतात. आधी नोकरी, मग लग्न, अशी अकरा वर्षं पुण्यात काढली, तिथली भाषा अंगाला लागली, म्हैसूरला परत आले तरी सुटली नाही. आपल्या घरात असं कोण बोलत होतं? निम्मी मराठी, निम्मं कन्नड, आणि राग आला की सगळं कन्नड.

शिवरामपेठेतल्या तुमच्या शिलाईच्या त्या चिंचोळ्या दुकानात मी वाढले म्हटलं तरी चालेल. शाळा सुटली की मी तिथं यायची, कापडाच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. मे-जूनमध्ये शाळांचे गणवेश, दसऱ्याच्या आधी मिरवणुकीतल्या बँडवाल्यांचे लाल कोट. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असायचं, काखेत घट्ट होतंय, पाठीत ढगळ होतंय असं सांगत असायचं, आणि तुम्ही तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवायचात. मी अकरा वर्षांची असताना हट्टानं एका शर्टाला खिसा लावला होता. तुम्ही तो उजेडाकडे धरलात आणि म्हणालात, "उसव." मी म्हटलं, "कुणाला दिसणार आहे?" समोर बाकावर माणसं बसली होती. तुम्ही स्वतः कातर घेऊन चार टाके तोडलेत आणि शर्ट माझ्या मांडीवर टाकलात. मी उसवला, पुन्हा लावला, पुन्हा उसवला. तिसऱ्या वेळी तुम्ही काही बोलला नाहीत, शर्टाची घडी करून बाकीच्या शर्टांवर ठेवलात. तुमचं 'छान' ते एवढंच. मला वाटायचं सगळीकडे असंच असतं, काम बरोबर झालं की माणूस गप्प बसतो. कॉलेजात गेले तेव्हा ही समजूत माझ्याबरोबर होती, आणि तिचा मला फार त्रास झाला.

मी नक्की काय शिकतेय हे तुम्हाला कधी समजलं नाही. यात तुमचा दोष नाही, मलाही ते सांगता यायचं नाही. धागा आणि कापड घेऊन चित्र-शिल्पासारखं काम करायचं, त्याची दोन वर्षांची मास्टर्स डिग्री. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "आमची पुट्टी कापडात एमए करतेय." एकदा एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्या घरात शिलाईचं दुकान असताना कापडात अजून काय शिकायचं राहिलंय?" तुम्ही त्यांच्याबरोबर हसलात आणि मग माझ्याकडे बघितलंत, मी काहीतरी उत्तर देईन म्हणून. मी वहीत मान घातली.

दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी क्रिट असायची. हा शब्द तुमच्या जिभेवर कधी बसला नाही. "आज किरीट आहे का ग?" असं तुम्ही सकाळी डबा देताना विचारायचात, आणि मी एकदाही दुरुस्त केलं नाही. आम्ही सहा जण होतो. काम भिंतीवर लावायचं, सगळ्यांनी चटईवर बसायचं, आणि ज्याचं काम असेल त्यानं पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम मागे स्टुलावर कॉफीचा लोटा घेऊन बसायच्या आणि सगळ्यांचं संपलं की मान तिरकी करून बोलायला लागायच्या. इंग्रजीत बोलायच्या, अधूनमधून कन्नड. "फार नीट आहे," हे त्यांचं माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य. पहिली सहामाही संपेपर्यंत मला कळलं होतं की तिथं नीट ही शिवी आहे.

पहिल्या वर्षी मी तुमच्या दुकानातल्या तुकड्यांची गोधडी, आपली कौदी, केली. सहाशे त्रिकोण, प्रत्येकाचं टोक शेजारच्याच्या टोकाला मिळवलेलं. दोन महिने लागले. तुम्हीच मला तुकडे रंगाप्रमाणे वेगळे करून दिले होतेत. ती भिंतीवर लावली आणि मी दहा मिनिटं गप्प उभी राहिले. माझ्याआधी एका मुलानं ओला काथ्या जमिनीवर टाकून ठेवला होता, त्यावर सगळे अर्धा तास बोलले होते. माझ्या कौदीवर कुणालाच फारसं सुचेना. मग मॅडमनी विचारलं, "यात तू कुठं आहेस?" मी म्हटलं, "सगळीकडे." सगळे हसले. "नाही," त्या म्हणाल्या, "यात तुझे वडील आहेत. शिकवलेला हात आहे. तू अजून आलेली नाहीस." घरी आले तर तुम्ही दुकान बंद करून नुकतेच जेवायला बसला होतात. "किरीट कसं झालं?" "बरं झालं." "काय म्हणाल्या तुमच्या मॅडम?" मी म्हटलं, "नीट आहे म्हणाल्या." तुम्ही इतके खूश झालात की आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून पुन्हा माझ्याकडून तेच वाक्य वदवून घेतलंत. त्या दिवशी मला तुमचा राग आला, अप्पा. माझ्यावर काय बेतलंय हे तुम्हाला कळत नव्हतं, आणि कळावं असं मी काही सांगतही नव्हते.

मग वर्षभर मी वाकडं काम करायला शिकले. हसू नका. सरळ जाणारा हात वाकडा करायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत नाही. मी डाव्या हातानं शिवून बघितलं, न मोजता कापून बघितलं, रंग मुद्दाम कमी शिजवला. मॅडम म्हणायच्या, "आता तू ढोंग करतेस." नीट केलं तर हात शिकलेला, वाकडं केलं तर ढोंग. आमच्या वर्गात सरगूरची एक मुलगी होती, आठवते ना, तिच्या घरी कापसाची शेती होती आणि ती हॉस्टेलच्या जेवणाला कंटाळून रविवारी आपल्याकडे यायची. तुम्हाला अंकल म्हणायची. ती एकदा आपल्या स्वयंपाकघरात जेवताना मला म्हणाली, "तू शिवतेसच कशाला? उसव ना. लहानपणापासून तेच तर करतेस." तिनं चेष्टेत म्हटलं, पण माझ्या डोक्यात ते बसलं.

शेवटच्या कामासाठी मी गणवेशाच्या कापडांच्या पट्ट्या जोडून एक मोठं कापड केलं. सहा फूट रुंद, बारा फूट लांब, गडद निळं आणि खाकी. आणि मग चार महिने ते उसवत बसले. सुईच्या टोकानं आडवा धागा उचलायचा, ओढून काढायचा, मग पुढचा. वरच्या बाजूला कापड दाट, खाली येईल तसं विरळ, आणि शेवटी नुसते उभे धागे लोंबणारे. हे सगळं मी दुकानातच बसून केलं, तुमच्या मशीनपासून चार हातांवर. तुम्ही खाली पडलेले धागे उचलून पिशवीत भरत होतात. एक दिवस माझ्यामागे येऊन उभे राहिलात.

"चांगलं कापड खराब का करतेस?"

"खराब नाही करत."

"मग काय करतेस?"

मला इंग्रजीत सांगता आलं असतं. मराठीत त्याला माझ्याजवळ शब्द नव्हते, कन्नडमध्येही नव्हते. मी म्हटलं, "सुम्ने." पुण्याच्या माणसांना हा शब्द समजावताना माझी दमछाक व्हायची. सहज, उगीच, काही कारण नाही, गप्प राहा, आपल्याकडे या सगळ्याला हा एकच शब्द. तुम्ही "सरी, बरं," म्हणालात आणि मशीनवर जाऊन बसलात. आईनं आतून तुम्हाला दबक्या आवाजात सांगितलेलं मी ऐकलं, "तिला विचारत जाऊ नका, रडेल ती."

परीक्षेच्या दिवशी सकाळी तुम्ही ऑटोतून कापड गुंडाळलेली ती साडेसहा फुटांची नळी बाहेर धरून कॉलेजात आलात. मला वाटलं होतं तुम्ही ती देऊन जाल, पण तुम्ही चपला दाराशी काढून आत आलात, शिडीवर चढून दोर बांधलात, नळी दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते खाली उतरून चार वेळा बघितलंत. कापड लागलं. इतकं उंच, सबंध, तुम्ही पहिल्यांदाच बघत होतात. तेवढ्यात मला ऑफिसातून बोलावणं आलं, माझ्या परीक्षेच्या अर्जावर शिक्का राहिला होता. शिक्का मारणारे गृहस्थ जागेवर नव्हते. मी दीड तास त्यांच्या टेबलापुढे उभी होते. परत आले तर तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला होतात, चष्मा नाकावर, बोटात अंगुस्तान, आणि माझ्या कामाचा खालचा काठ तुमच्या मांडीवर. चार महिने सोडवलेले धागे आत गुंडाळून, काठ दुमडून, तुम्ही बारीक हातशिलाई करत होतात. सहा फुटांपैकी चार फूट झालं होतं. सरगूरची मुलगी पलीकडे तिचं काम लावत होती. तिला वाटलं होतं मीच तुम्हाला सांगून गेलेय.

"अप्पा, हे काय करताय?"

"सगळं सुटतंय ग. आता मोठी माणसं बघायला येणार. तू येईपर्यंत सुम्ने बसून काय करू?"

"ते सुटायलाच ठेवलंय. चार महिने मी तेच करत होते."

तुम्ही सुई थांबवलीत. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"मग मी रोज बघत होतो तेव्हा सांगायचं नाही का?"

तुमचं बरोबर होतं, म्हणूनच मी ते बोलले. "तुम्हाला यातलं काय कळतंय? तुम्ही शाळेच्या चड्ड्या शिवा." कन्नडमध्ये बोलले, म्हणजे तिथल्या सगळ्यांना कळलं. तुम्ही उठलात. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "दुकान उघडायचंय," म्हणालात. अंगुस्तान बोटातच राहिलं होतं, तसेच गेलात. मी दाराकडे बघितलंही नाही. उसवायला घेतलं तर तुमचे टाके दिसेनात. टाका कुठं आहे तेच दिसत नाही असं शिवता तुम्ही. दोनेक इंच नुसते चाचपले, एकही टाका तुटला नाही, तोच दारात मॅडमचा आवाज आला.

बाहेरचे परीक्षक गुजरातेतून आले होते, उतारवयाचे. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग, कष्टानं, जमिनीवर बसले. तुम्ही बसला होतात तिथंच. काठ हातात घेऊन उलटा केला, आतून बघितला. शिवलेले चार फूट, मग तुमची लोंबणारी सुई, आणि पुढे दोन फूट मोकळे धागे. मग त्यांनी विचारलं, "हे इथं का थांबवलंस?"

अप्पा, मला बोलता येत होतं. दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी लोकांना बोलताना ऐकलं होतं. मी म्हटलं की जपणं कुठून सुरू होतं आणि कुठं अर्धवट राहतं ते मला दाखवायचं होतं, म्हणून सुई तशीच ठेवली. माझा आवाजही कापला नाही. सरगूरची मुलगी समोर भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. परीक्षक म्हणाले, "बाकी सगळं मी आधी पाहिलेलं आहे. हे नाही." आणि मॅडम, ज्यांनी दोन वर्षांत मला एकदाही बरं म्हटलं नव्हतं, त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "बघ, आता यात तू आलीस."

मला हसावं की त्यांचा हात झटकावा ते कळेना. मी पहिली आले. त्या कामावर मला पुण्यातली नोकरी मिळाली, पुढचं सगळं मिळालं. बाहेर चहाच्या टपरीवर सरगूरची मुलगी म्हणाली, "अंकलना जाऊन सांग." मी म्हटलं, "काय सांगू? तुम्ही बिघडवलंत म्हणून मी पास झाले?" ती म्हणाली, "तसं सांगितलंस तरी चालेल. पण सांग."

घरी आले. तुम्ही मशीनवर होतात. "झालं?" "झालं." "पास?" "पास." तुम्ही पाय पुन्हा पायडलवर ठेवलात. मी तिथं उभी होते. तुम्ही माझं काम बिघडवलंत हे सांगायचं होतं. तुम्ही ते काम केलंत हेही सांगायचं होतं. एक सांगितलं की दुसरं सांगावं लागणार होतं, म्हणून मी आत जाऊन आईजवळ बसले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग आठवडा गेला. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही होतात, आणि त्या सहा वर्षांत मी जेव्हा जेव्हा काही काम घेऊन तुमच्याकडे आले, हा दोरा चालेल का, हे अस्तर धरेल का, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "तुझं तू बघ, पुट्टी. मला त्यातलं कळत नाही." टोमणा मारताय असं कधी वाटलं नाही. रुसलाय असंही नाही. मी एकदा रागाच्या भरात बोलले आणि तुम्ही ते खरं मानून बाजूला झालात. याचाच मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. तुम्ही भांडायला हवं होतंत. दुकानात भर गिऱ्हाइकांसमोर माझ्या मांडीवर शर्ट टाकणारा माणूस इतक्या सहज कसा ऐकून घेतो? मी खोटं बोलले होते हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

आता हा फॉर्म. करणाऱ्याचं नाव, एकच ओळ आहे. मी माझं नाव लिहिलं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, काठाची शिलाई वडिलांची. मग खोडलं. त्या मुलीला हे कळलं तर ती ते भिंतीवर पाटीवर लावेल. लोक वाचतील, वडील शिंपी, मुलगी कलाकार, दोघांनी मिळून केलेलं काम, आणि त्यांचे डोळे भरून येतील. दोघांनी मिळून आपण काही केलं नव्हतं. तुम्ही मला न विचारता शिवलंत आणि मी तुम्हाला चारचौघांत हाकललं. एवढं सगळं पाटीवर मावत नाही, आणि गोड होऊन मावलेलं मला नको. काल संध्याकाळी पुन्हा लिहिलं आहे. आज खोडलेलं नाही. उद्याचं सांगता येत नाही.

माप लिहायचं म्हणून कापड काढून टेप लावला. तुमचा काठ तीन फूट नऊ इंच भरला. परीक्षेच्या फोटोत तो पुरता चार फूट आहे. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी मी ते कापड घेऊन बसले होते. उरलेला काठ आपण पुरा करावा असं मनात आलं होतं. फूटभर शिवलं. तुमच्या शेजारी माझे टाके मिरच्यांच्या बियांसारखे दिसत होते, सगळे वर आलेले. म्हणून ते काढायला घेतले, आणि काढता काढता कातर तुमच्यात गेली. तीन इंच सुटल्यावर माझ्या लक्षात आलं. परत शिवायचा प्रयत्न केला नाही, तसंच घडी करून ठेवलं. हे पत्र त्या फॉर्मबरोबर जाणार नाही, कुठंच जाणार नाही, म्हणून हे लिहिता येतंय. आईनं मागे एकदा ते कापड उन्हात घालताना बघितलं आणि विचारलं, "इथलं कसं ग सुटलं? त्यांचं असं सुटत नाही." मी म्हटलं, उंदरानं कुरतडलं. तिनं दुसऱ्या दिवशी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या.

उंदीर नव्हता, अप्पा.